एकच अर्ज, तरीही रिकामी बाकं

अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांनी २०२३ साली पदवी आणि पदव्युत्तर अभ्यासक्रमांसाठी आलेले ६५,७६६ पात्र अर्ज परत पाठवले. २०२१ मध्ये हाच आकडा ९१,९३८ होता. पात्र म्हणजे गुण पुरेसे, विषय बरोबर, कागदपत्रे पूर्ण. तरीही ‘जागा नाही’ असे उत्तर गेले. ही मोजणी ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ कॉलेजेस ऑफ नर्सिंग’ ही महाविद्यालयांची संघटना दर वर्षी करते. त्याच देशाच्या कामगार आकडेवारी विभागाचा अंदाज असा होता, की २०२३ ते २०३३ या दशकात नोंदणीकृत परिचारिकांच्या दर वर्षी सरासरी १,९४,५०० जागा भराव्या लागतील. निवृत्त होणाऱ्या आणि पेशा सोडून जाणाऱ्या परिचारिकांच्या जागा त्यात धरलेल्या आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०२३ मध्ये जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका होत्या आणि आणखी ५८ लाख कमी पडत होत्या. एकीकडे नर्स मिळत नाही म्हणून ओरड, दुसरीकडे नर्स व्हायला आलेली मुले दारातून माघारी. या कोड्याचा एक धागा प्रवेशाच्या अर्जात अडकलेला आहे.

वरचा आकडा अर्जांचा आहे, माणसांचा नाही, हे आधी लक्षात घ्यावे लागते. एका मुलीने सहा महाविद्यालयांत अर्ज भरले, पाच ठिकाणी नकार आला आणि सहाव्या ठिकाणी प्रवेश मिळाला, तर नाकारलेल्या अर्जांच्या यादीत ती पाच वेळा मोजली जाते. प्रत्यक्षात ती वर्गात बसून शिकत असते. उलट बाजूनेही असेच होते. एखादीला दोन ठिकाणी होकार आला, तर ती जिथे जात नाही ते महाविद्यालय तिची वाट पाहत बसते. ती येणार नाही हे त्यांना सत्र सुरू होताना कळते आणि ते बाक वर्षभर रिकामे राहते. प्रत्येक महाविद्यालयाचे अर्ज त्याच्या त्याच्या कपाटात आहेत तोवर नाकारलेली मुलगी आणि रिकामे बाक यांची गाठ पडत नाही.

ही कपाटे वेगवेगळी होण्याला इतिहास आहे. अमेरिकेत नोंदणीकृत नर्स होण्याच्या तीन वाटा आहेत. सर्वांत जुनी रुग्णालयाच्या पदविका शाळेची. दुसरी सामुदायिक महाविद्यालयातील सहयोगी पदवीची; कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातील मिल्ड्रेड माँटॅग यांनी १९५२ साली ती प्रयोग म्हणून सुरू केली, कारण दुसऱ्या महायुद्धानंतर परिचारिका मिळत नव्हत्या आणि कमी काळात त्या तयार करायच्या होत्या. तिसरी वाट चार वर्षांच्या विद्यापीठीय पदवीची. शेवटी तिन्ही वाटांवरचे विद्यार्थी ‘एनक्लेक्स’ ही एकच परवाना परीक्षा देतात. परीक्षा एक असली तरी उंबरठे मात्र शेकडो, आणि प्रत्येक उंबरठ्यावर वेगळा चोपदार.

अर्ज भरणाऱ्याला याचा अर्थ काय होतो, हे एका विषयावरून कळते. बहुतेक महाविद्यालयांना प्रवेशाआधी शरीररचना, शरीरक्रिया, सूक्ष्मजीवशास्त्र, रसायनशास्त्र, संख्याशास्त्र असे पूर्वविषय झालेले लागतात. सूक्ष्मजीवशास्त्रच घेतले, तर एका महाविद्यालयाला प्रयोगशाळेसह चार श्रेयांक हवे असतात, दुसऱ्याला तीन चालतात. ज्या कॉलेजात वर्षाची विभागणी सहामाहीऐवजी तिमाहीवर आहे, तिथले पाच श्रेयांक सहामाहीच्या हिशेबात साडेतीनही भरत नाहीत. शिवाय अनेक ठिकाणी विज्ञानाच्या विषयांना मुदत असते: पाच किंवा सात वर्षांपूर्वी झालेला विषय पुन्हा करा. मूल झाल्यावर, नोकरी करून, तिशीत परत शिकायला आलेल्या बाईला ही अट सर्वांत जास्त बोचते; आणि नर्सिंगकडे वळणाऱ्यांत अशांची संख्या थोडी नाही.

मग प्रवेशपूर्व चाचणी. ‘टीझ’ नावाच्या चाचणीत वाचन, गणित, विज्ञान आणि इंग्रजी मिळून १७० प्रश्न २०९ मिनिटांत सोडवायचे. काही महाविद्यालये तिच्याऐवजी ‘हेसी’ नावाची दुसरी चाचणी मागतात. एकाच शहरातल्या दोन महाविद्यालयांत अर्ज करायचा, तर दोन चाचण्या, दोन शुल्के, दोन तयाऱ्या. जिथे जिथे शिकलो त्या प्रत्येक संस्थेकडून अधिकृत गुणपत्रक थेट त्या त्या महाविद्यालयाला जायला हवे. शिफारसपत्र देणाऱ्या बाईंनाही तेच पत्र सहा वेळा, सहा वेगळ्या नमुन्यांत लिहावे लागते. तिसऱ्यांदा विचारायला जाताना विद्यार्थ्याचीच जीभ अडखळते.

या गुंत्यावर उपाय म्हणून वर उल्लेखिलेल्या महाविद्यालयांच्या संघटनेने २०१० मध्ये ‘नर्सिंगकॅस’ ही केंद्रीय अर्जसेवा सुरू केली. तांत्रिक बाजू ‘लायझन इंटरनॅशनल’ या कंपनीने सांभाळली. वैद्यकीय, दंतवैद्यकीय अशा इतर शाखांत एकत्रित अर्ज तोवर रुळले होते. नर्सिंगला तो यायला उशीरच झाला. या सेवेत अर्जाचे चार भाग असतात: वैयक्तिक माहिती, शैक्षणिक इतिहास, पूरक माहिती आणि प्रत्येक महाविद्यालयाची स्वतंत्र मागणी. पहिले तीन एकदाच भरायचे. गुणपत्रके एकाच ठिकाणी जातात. तिथे कर्मचारी विद्यार्थ्याने भरलेला प्रत्येक विषय गुणपत्रकाशी ताडून पाहतात आणि सरासरी एकाच पद्धतीने काढतात, म्हणजे तिमाही आणि सहामाहीचा झगडा तिथेच मिटतो. शिफारसपत्र एकदा लिहिले की निवडलेल्या सगळ्या महाविद्यालयांना पोहोचते. शुल्क पहिल्या महाविद्यालयासाठी जास्त, पुढच्या प्रत्येकासाठी कमी.

चौथा भाग मात्र तसाच राहिला, आणि अडचणही तिथेच राहिली. पूर्वविषय कोणते, चाचणी कुठली, निबंध किती शब्दांचा, हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक महाविद्यालयाकडेच आहे. पाकीट एक झाले, आतल्या अटी वेगवेगळ्याच. या सेवेत सहभागी होणे ऐच्छिक आहे आणि तिचा भर विद्यापीठस्तरीय अभ्यासक्रमांवर राहिला. सामुदायिक महाविद्यालयांपैकी बरीचशी स्वतःच्याच पद्धतीने चालतात. त्यांतल्या काहींकडे पात्र अर्ज इतके येतात, की निवड सोडतीने होते किंवा प्रतीक्षायादी पुढच्या वर्षांपर्यंत लांबते.

अर्ज सोपा केल्याने खरोखर किती फरक पडतो? संशोधनाचे उत्तर असे, की छोट्या अडथळ्यांचा परिणाम त्यांच्या आकाराच्या मानाने फार मोठा असतो. अमेरिकेत ‘एसीटी’ ही महाविद्यालय प्रवेशाची परीक्षा देणाऱ्यांना पूर्वी तीन महाविद्यालयांना गुण फुकट पाठवता येत. १९९७ मध्ये ही सोय चार महाविद्यालयांची झाली. चौथ्याचा खर्च जेमतेम सहा डॉलर होता. तरीही विद्यार्थ्यांनी जास्त ठिकाणी गुण पाठवले आणि कमी उत्पन्नाच्या घरांतली मुले अधिक चांगल्या महाविद्यालयांत पोहोचली, असे अर्थशास्त्रज्ञ अमँडा पॅले यांना आढळले.

दुसरा प्रयोग शिक्षणासाठीच्या सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जाचा, ज्याला तिथे ‘फाफ्सा’ म्हणतात. तो भरल्याशिवाय गरीब घरातल्या विद्यार्थ्याला अनुदान मिळत नाही आणि शंभरावर प्रश्नांमुळे तो बदनाम होता. एरिक बेटिंगर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, प्राप्तिकराचे विवरण भरून घ्यायला आलेल्या कुटुंबांचा हा अर्जही तिथल्या तिथे, त्याच टेबलावर भरून दिला गेला. पुढच्या तीन वर्षांत कॉलेजची दोन वर्षे पूर्ण करणाऱ्या मुलांचे प्रमाण २८ टक्क्यांवरून ३६ टक्क्यांवर गेले. आणखी एका गटाला तुम्हाला किती मदत मिळेल एवढीच माहिती दिली होती, अर्ज भरून दिला नव्हता. त्या गटात काहीच फरक पडला नाही. प्रवेशाच्या हंगामात माहितीपत्रके वाटून समाधान मानणाऱ्या प्रत्येक कार्यालयात हा निष्कर्ष चिकटवून ठेवावा असा आहे.

सोपे करण्याचे कामही अंगाशी येऊ शकते. अमेरिकेच्या काँग्रेसने २०२० मध्ये कायदा करून फाफ्साचे प्रश्न कमी केले. काहींना तर जेमतेम अठरा प्रश्नांत काम भागणार होते. पण नवी संगणकप्रणाली वेळेत उभी राहिली नाही. एरवी १ ऑक्टोबरला खुला होणारा अर्ज ३० डिसेंबर २०२३ ला खुला झाला आणि महाविद्यालयांकडे माहिती पोहोचायला मार्च उजाडला. किती मदत मिळणार हे ठाऊक नसताना महाविद्यालय निवडायची पाळी मुलांवर आली. त्या वर्षी अर्ज भरणाऱ्यांची संख्याच घसरली.

केंद्रीय अर्जाचा खरा फायदा टपालखर्च वाचण्याहून मोठा आहे. कोण कुठे वाट पाहत आहे, हे सगळे एका जागी दिसू लागते. विद्यार्थ्याने पसंतीक्रम द्यायचा, संस्थेने गुणवत्ताक्रम लावायचा आणि दोन्ही याद्या एका यंत्रणेने जुळवायच्या, या कल्पनेला गणिताचा पक्का पाया डेव्हिड गेल आणि लॉइड शॅपली यांनी १९६२ च्या एका छोट्या निबंधात दिला. अमेरिकेत नव्या डॉक्टरांना रुग्णालये नेमून देणारी यंत्रणा तर त्याआधी दहा वर्षे, १९५२ पासून, याच तत्त्वाच्या जवळपास जाणाऱ्या रीतीने चालत होती. ॲल्विन रॉथ यांनी पुढे ते दाखवून दिले आणि २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल शॅपली आणि रॉथ यांना मिळाले. नर्सिंगकॅस मात्र असे जुळवून देत नाही. ती सेवा फक्त अर्ज पोहोचवते. होकार-नकार प्रत्येक महाविद्यालय आपापल्या वेळी कळवते. एका मुलीच्या हातात चार होकार आणि दुसरीच्या हातात एकही नाही, ही स्थिती त्यामुळे पूर्ण संपत नाही.

महाराष्ट्रातील पद्धत या बाबतीत एक पाऊल पुढे आहे. बी. एस्सी. नर्सिंगचे प्रवेश इथे राज्य सीईटी कक्षामार्फत, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेने, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘कॅप राउंड’ने होतात. त्याआधी काही वर्षे हे प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होत असत. डॉक्टरकीसाठी रचलेली परीक्षा नर्सिंगच्या दारात उभी करणे म्हणजे पोहायला शिकायच्या आधी खाडी ओलांडायला सांगण्यासारखे होते. २०२३ पासून नर्सिंगची स्वतंत्र सीईटी सुरू झाली: भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल या पाच भागांवर शंभर प्रश्न, वेळ दीड तास. परीक्षा एक, गुणवत्ता यादी एक, महाविद्यालयांचा पसंतीक्रम एका अर्जात. पहिल्या फेरीत लागलेले कॉलेज मनासारखे असेल, तर विद्यार्थी ‘स्टेटस रिटेन्शन फॉर्म’ भरून तिथेच थांबतो. नसेल, तर तो न भरता पुढच्या फेरीत वरच्या पसंतीची वाट पाहतो. वरचे कॉलेज मिळाले, की खालची जागा आपोआप सुटते आणि यादीतल्या पुढच्याला जाते. एका मुलीने चार जागा अडवून बसणे इथे होत नाही.

गुंता आहे तो कागदांचा. राखीव जागेवरच्या विद्यार्थ्याला जातीचा दाखला लागतो, त्यावर जातवैधता प्रमाणपत्र, इतर मागास प्रवर्गासाठी चालू कालावधीचे नॉन-क्रिमीलेअर, शिवाय अधिवास प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, मध्ये वर्ष गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र, आणि वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला. यांतला प्रत्येक कागद वेगळ्या कार्यालयातून येतो. दहावीच्या गुणपत्रकावर आईचे नाव एका तऱ्हेने आणि आधारवर दुसऱ्या तऱ्हेने असेल, तर पडताळणीच्या वेळी काना-मात्रेचा हिशेब द्यावा लागतो. गावातल्या सेतू केंद्रावर जून-जुलैत जी रांग लागते, तिच्यात अर्जाच्या संकेतस्थळापेक्षा या दाखल्यांचीच चर्चा जास्त असते. शासनाचीच एक कचेरी दुसऱ्या कचेरीने दिलेला दाखला विद्यार्थ्याच्या हातून मागवते. एका संगणकाने दुसऱ्याला विचारले असते, तरी काम भागले असते. अर्ज सोपा करण्याची महाराष्ट्रातली पुढची पायरी ही आहे, असे म्हणायला जागा आहे.

कॅपच्या वाटेने येण्याला पैशाचाही अर्थ आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शिक्षण शुल्कात पूर्ण सवलत मिळाली. ती केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांनाच लागू आहे. व्यवस्थापन कोट्यातून, ओळखीच्या माणसामार्फत ‘सीट पक्की’ करून घेणाऱ्या पालकांना ही अट बहुधा पैसे भरून झाल्यावर समजते.

पैसा आणि अर्ज यांचे नाते ब्रिटनमध्ये सर्वांत स्पष्ट दिसले. तिथे विद्यापीठ प्रवेशाची ‘यूकॅस’ ही एकच यंत्रणा आहे आणि नर्सिंगचे प्रवेशही तिच्याच मार्फत होतात. एका अर्जात पाच पसंती देता येतात. यापेक्षा सोपे काही असणे कठीण. तरीही इंग्लंडने नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना मिळणारे विद्यावेतन २०१७ च्या प्रवेशांपासून बंद करून त्याजागी कर्ज आणले, तेव्हा जानेवारीच्या मुदतीपर्यंत आलेल्या अर्जदारांची संख्या आदल्या वर्षीपेक्षा २३ टक्क्यांनी घटली. त्यातही वयाने मोठ्या अर्जदारांची गळती जास्त होती. सप्टेंबर २०२० पासून वर्षाला पाच हजार पौंडांचे, परत न करायचे अनुदान पुन्हा सुरू करावे लागले. अर्जाचा नमुना या सगळ्या काळात होता तसाच होता.

अर्ज कितीही सोपा झाला, तरी आत जागा किती, हे वेगळ्याच गोष्टींवर ठरते. त्यांतली पहिली शिक्षक. अमेरिकेतील नर्सिंग महाविद्यालयांच्या संघटनेच्या २०२३ च्या पाहणीत नर्सिंग अध्यापकांच्या ७.८ टक्के पूर्णवेळ जागा रिकाम्या होत्या. कारण सरळ आहे: शिकवण्यासाठी किमान पदव्युत्तर पदवी लागते आणि तीच पदवी घेतलेली परिचारिका रुग्णालयात ‘नर्स प्रॅक्टिशनर’ म्हणून कितीतरी जास्त कमावते. दुसरी गोष्ट क्लिनिकल पोस्टिंगची. वर्गात साठ मुलांना शरीररचना शिकवता येते, वॉर्डात साठ जणांना सलाइन लावायला शिकवता येत नाही. एका शिक्षकामागे किती विद्यार्थी वॉर्डात न्यावेत यावर अमेरिकेतील अनेक राज्यांच्या परिचर्या मंडळांची बंधने आहेत आणि ती संख्या बहुधा आठ-दहाच्या आसपास असते. एकाच रुग्णालयाच्या प्रसूती कक्षासाठी तीन महाविद्यालये वार वाटून घेतात.

तिसरे कारण सहसा बोलले जात नाही. एनक्लेक्समध्ये पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण ठरावीक पातळीखाली गेले, बऱ्याच राज्यांत ८० टक्क्यांखाली, तर महाविद्यालयाच्या मान्यतेवर गदा येते. त्यामुळे काठावरच्या विद्यार्थ्याला घेऊन बाक भरण्यापेक्षा ते रिकामे ठेवणे संस्थेला सुरक्षित वाटते. वरच्या गुणांचे अर्जदार सगळ्यांनाच हवे असतात, आणि अर्ज सोपा झाला की तेच अर्जदार आणखी चार ठिकाणी अर्ज करतात. म्हणजे नुसता अर्ज सोपा केला आणि होकारांची जुळणी केली नाही, तर नाकारलेल्या अर्जांचा आकडा फुगू शकतो, आणि परिचारिका मात्र तितक्याच राहतात.

भारतात नव्या जागा उघडण्याचे काम अर्जसुधारणेच्या बरोबरीने चालू आहे. १९४६ मध्ये भोर समितीने ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असे तेव्हाचे प्रमाण नोंदवले होते. तिथपासून देश बराच पुढे आला आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या आणि प्रसूतिविद्या आयोगाचा कायदा आला आणि प्रवेशाची एकसमान पद्धत हा त्याच्या उद्दिष्टांपैकी एक भाग आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वैद्यकीय महाविद्यालयांच्या आवारात १५७ नवी नर्सिंग महाविद्यालये काढायला मंजुरी दिली. खर्च १,५७० कोटी रुपये, आणि दर वर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील अशी अपेक्षा. म्हणजे एका महाविद्यालयात वर्षाला शंभर, चार वर्षांचे मिळून चारशे विद्यार्थी. दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक या प्रचलित निकषाने एका महाविद्यालयाला चाळीस शिक्षक लागतात, सगळ्यांना मिळून सहा हजारांवर. २०२३ मध्ये सीईटी देऊन बी. एस्सी. नर्सिंगला बसलेली मुलगी २०२७ मध्ये पदवीधर होते. एम. एस्सी.ला जाण्याआधी एक वर्ष वॉर्डात काम करावे लागते, पुढे दोन वर्षे अभ्यासक्रमाची. एकही वर्ष वाया न घालवता ती शिकवायला उभी राहते, ते २०३० मध्ये.